कळ आणि सूत्र : ‘थंडरबर्ड्स’विषयीं नेहमीं पडणारे प्रश्न

‘कळसूत्री’ या आपल्या शब्दांत दोन गोष्टी आहेत. एक कळ आणि दुसरें सूत्र. कुडाळजवळच्या पिंगुळी गांवीं ठाकर समाजांतील कलावंत रामायणांतील आख्यानें ज्या बाहुल्यांकडून करवून घेतात, तेथें सारें काम सूत्रच करतें. कळ म्हणावयाची तर ती सूत्रधाराच्या बोटांत असते. बाहुलीच्या अंगांतच यंत्र बसवून या शब्दाचे दोन्ही अर्थ अक्षरशः खरे करण्याचा उद्योग इंग्लंडांत, लंडनपासून जवळच असलेल्या स्लाऊ येथील कारखान्यांच्या वसाहतींत, १९६४ ते १९६६ या काळांत झाला. त्या खेळाचें नांव ‘थंडरबर्ड्स’. त्याविषयीं आज आपणांशीं थोडें बोलावयाचें आहे.

श्रोतेहो, हा खेळ रंगमंचावरचा नव्हे, दूरचित्रवाणीवरचा. त्याचा पहिला भाग इंग्लंडांत ३० सप्टेंबर १९६५ रोजीं दाखविण्यांत आला आणि पुढें एकंदर बत्तीस भाग निघाले. कथा भविष्यकाळांतील आहे. जेफ ट्रेसी नांवाचा एक धनाढ्य माजी अंतराळवीर पॅसिफिक महासागरांतील एका बेटावर आपल्या पांच मुलांसह राहतो. पांच अचाट यानें त्यांच्यापाशीं आहेत. जगाच्या पाठीवर कोठेंहि माणसें अशा संकटांत सांपडलीं कीं जेथें नेहमींचे उपाय खुंटले, तर हीं मुलें तेथें जातात, माणसें सोडवितात, आणि मोबदला किंवा नांवलौकिक न घेतां परत येतात. खेळाचे निर्माते जेरी अँडरसन व त्यांच्या पत्नी सिल्व्हिया अँडरसन. सुमारें साठ वर्षें लोटलीं तरी या खेळाचे चाहते एकत्र जमले म्हणजे कांहीं ठराविक प्रश्न हटकून निघतात. ते बहुतेक पोरकट वाटतात, पण त्यांचीं उत्तरें मुळींच पोरकट नाहींत.

पहिला प्रश्न ओठांचा. बाहुली बोलते तेव्हां तिचे ओठ शब्दाशब्दाबरोबर कसे हालतात? उत्तर असें कीं, नटांनीं आपलीं भाषणें आधींच ध्वनिफितीवर बोलून ठेवलेलीं असत. चित्रीकरणाच्या वेळीं ती फीत लावीत, आणि तींतील आवाजाचें विजेच्या स्पंदनांत रूपांतर करून तीं स्पंदनें बाहुलीच्या डोक्याला जोडलेल्या तारांतून खालीं सोडीत. डोक्यांत तारेचें एक वेटोळें बसविलेलें असे. स्पंदन आलें कीं तें चुंबक बने आणि खालचा ओठ खेंचला जाई. स्पंदन थांबलें कीं ओठ पुन्हां जागेवर येई. म्हणजे तोंड हालविण्याच्या कामांतून सूत्रधार पूर्णपणें मोकळा झाला. त्यानें मान वळवावी, हात उचलावा. बोलणें बाहुलीचें बाहुली पाहून घेई. बाहुलीला पेलणारी तार हीच वीज वाहणारी तारहि होती, ही त्यांतील खरी खुबी. ती तार टंगस्टनची, जाडीनें इंचाच्या सुमारें दोनशेव्या भागाएवढी. या सगळ्या पद्धतीला अँडरसन यांनीं ‘सुपरमॅरियोनेशन’ असें भारदस्त नांव दिलें होतें. त्यांत कळसूत्री बाहुलीचें इंग्रजी नांव आणि चलच्चित्राचें नांव यांची सांगड आहे. आपला शब्द मला त्याहून सोपा आणि अधिक नेमका वाटतो.

या उत्तरांतच दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आहे. बाहुल्यांचीं डोकीं एवढीं मोठीं कां? बाहुली सुमारें बावीस इंच उंच, म्हणजे माणसाच्या एकतृतीयांश. तेवढ्या देहाला शोभेल असें डोकें घडविलें तर त्यांत तें वेटोळें मावेना. डोक्याच्या मानानें सबंध बाहुलीच वाढवावी, तर खोल्या, खुर्च्या, यानें सारेंच वाढवावें लागणार. म्हणून डोकें मोठें ठेवून देह लहान ठेवला. पुढें १९६७ सालीं याच मंडळींनीं ‘कॅप्टन स्कार्लेट’ हा खेळ काढला, तेव्हां तें यंत्र छातींत उतरविलें आणि डोकें माणसाच्या प्रमाणाबरहुकूम झालें. तंत्राच्या दृष्टीनें ही प्रगति निःसंशय होती. परंतु माझें मत विचाराल तर त्या प्रमाणबद्ध बाहुल्या पाहतांना मन थोडें संकोचतें. मोठ्या डोक्याची बाहुली आपण बाहुली आहोंत हें कबूल करते, आणि मग आपणहि तिला माणूस मानण्यास राजी होतों. हुबेहूब माणसासारखी केलेली बाहुली मात्र लांकडासारखा चेहरा करून बसलेल्या माणसासारखी दिसते.

चेहऱ्याचें म्हणाल तर मुख्य पात्रांना एकाहून अधिक डोकीं असत. एक नेहमींचें, एक हसरें, एक कपाळाला आठ्या घातलेलें, एक पापण्या मिटणारें. प्रसंग पालटला कीं डोकें पालटावयाचें. हात जवळून दाखवावयाचा असेल, एखादी कळ दाबावयाची किंवा पत्र उघडावयाचें असेल, तर तेथें सरळ माणसाचा हात वापरीत. एकदां हें लक्षांत आलें म्हणजे पुढें प्रत्येक वेळीं तें डोळ्यांत भरतें. क्षणापूर्वीं फायबरग्लासचा तुकतुकीत चेहरा पाहिलेला असतो आणि पाठोपाठ नखांच्या, सुरकुत्यांच्या हाताचें दर्शन होतें.

आतां सर्वांत आवडता प्रश्न. या बाहुल्या चालत कां नाहींत? खेळांत पाहावें तो कोणी खुर्चींत बसूनच तरंगत जातो, कोणी सरकत्या जमिनीवर उभा राहतो, कोणी सोफ्यासकट भुयारांत उतरतो. चालतांना कोणी दिसलाच तर कमरेपर्यंतच दिसतो, कारण तेथें बाहुलीचे पाय खालीं एक माणूस हातांत धरून तिला पावलांच्या तालावर वरखालीं करीत असतो. याचें कारण वजनांत आहे. माणूस चालतो म्हणजे दर पावलाला आपला भार जमिनीवर टाकतो आणि पुन्हां उचलतो. बाहुलीचा भार जमिनीवर नसतोच. तो वर, तारांच्या टोंकाशीं, माचावर उभ्या असलेल्या सूत्रधाराच्या हातांत असतो. तिचें पाऊल जमिनीला लागलें तरी टेकत नाहीं. पिंगुळीच्या खेळांत याची अडचण भासत नाहीं, कारण तेथें पाहणारा संकेत मानून बसलेला असतो. रावण तरंगत आला तरी तो चालत आला असें आपण समजतों. अँडरसन यांना मात्र संकेत नको होता. त्यांना खऱ्या चित्रपटासारखा चित्रपट पाहिजे होता.

तो हट्ट कां, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. अँडरसन व आर्थर प्रोव्हिस यांनीं १९५७ सालीं ‘ए. पी. फिल्म्स’ ही संस्था काढली ती हाडामांसाच्या नटांचे बोलपट काढण्याच्या उमेदीनें. काम येईना. शेवटीं रोबर्टा ली नांवाच्या लेखिकेचें एक काम आलें. तो ‘ट्विझल’ नांवाचा मुलांचा बाहुल्यांचा खेळ निघाला. हें कळलें तेव्हां आपला किती विरस झाला, तें अँडरसन पुढें मोकळेपणानें सांगत. पोटासाठीं पत्करलेलें काम नीट करावयाचें, आणि इतकें नीट कीं पाहणाऱ्याला वाटावें, हे लोक खरे चित्रपटहि काढूं शकतील, या ईर्षेनें ते कामाला लागले. ‘फोर फेदर फॉल्स’, ‘सुपरकार’, ‘फायरबॉल एक्सएल५’, ‘स्टिंगरे’ असे एकामागून एक खेळ झाले, आणि दर खेळांत बाहुलीला चालण्यापासून वांचविण्यासाठीं नवें वाहन शोधावें लागलें. प्रथम उडती मोटार, मग अग्निबाण, मग पाणबुडी. ‘थंडरबर्ड्स’मध्यें एकदम पांच. यंत्रांच्या या सुकाळाचें मूळ पुष्कळसें बाहुलीच्या लुळ्या पायांत आहे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

तारा दिसतात कीं नाहीं, याविषयींहि वाद चालतो. तार चमकूं नये म्हणून तिला रंग देत, मागच्या पडद्याच्या रंगाशीं मिळवून घेत. मूळ प्रेक्षकांना त्या फारशा दिसल्या नसाव्यात. खेळाचें चित्रीकरण रंगीत होतें, कारण अमेरिकेंतील विक्रीवर डोळा होता. पण त्या वर्षीं इंग्लंडांत रंगीत दूरचित्रवाणी सुरू झालेली नव्हती, आणि घरोघरचे पडदे लहान व चित्र धूसर. आज जुनी फिल्म साफ करून मोठ्या पडद्यावर दाखवितात, तेव्हां तारा लख्ख दिसतात. दोष तारांचा नव्हे, आपल्या नव्या आरशाचा.

वजनाची अडचण यंत्रांच्या बाबतींतहि होतीच. हातभर लांबीचें विमान हजारों मणांचें कसें भासवावयाचें? हें काम डेरेक मेडिंग्स यांजकडे होतें. लहान वस्तु हादरते ती भरभर हादरते, लहान ज्वाळा भरभर विझते, आणि तेथेंच तिचें लहानपण उघडें पडतें. म्हणून कॅमेरा नेहमींच्या पांचपट वेगानें, सेकंदाला सुमारें १२० चित्रें या गतीनें, फिरवावयाचा आणि तीं चित्रें नेहमींच्या २४ च्या गतीनें दाखवावयाचीं. मग धूळ सावकाश उठते, धूर जड होतो आणि यान जमिनीवर टेकतांना खरोखर टेकलें असें वाटतें. एका पाण्यापुढें मात्र हात टेकावे लागत. वस्तु लहान केली तरी पाण्याचा थेंब लहान करतां येत नाहीं. विमान जमिनीलगत धांवतांना दाखवावयाचें असेल तर विमान तारांवर स्थिर टांगून त्याखालीं रस्ताच पट्ट्यासारखा फिरवीत. मागचें आकाशहि तसेंच फिरे. मेडिंग्स पुढें जेम्स बाँडच्या चित्रपटांकडे वळले, आणि १९७८ च्या ‘सुपरमॅन’ चित्रपटासाठीं त्यांना ऑस्करचा विशेष सन्मान मिळाला.

येथवरचे प्रश्न हिकमतीचे झाले. याहून खोल जाणारा एक प्रश्न आहे, तो मोठीं माणसें विचारतात. मुलांच्या साहसकथेंत नायकानें शत्रूवर मात करावयाची हा शिरस्ता असतां येथें भागामागून भाग केवळ माणसें वांचविण्याची धडपड कां? या कथेंत एक दुष्ट माणूस आहे खरा, पण तोहि बहुतेक यानांची गुपितें चोरण्याच्या खटपटींत असतो. एखाद्या भागांत पूल कोसळतो, एखाद्यांत खोल खड्ड्यांत माणूस अडकतो, आणि पाऊणएक तास आपण घड्याळाकडे पाहत बसतों.

याचें मूळ एका खऱ्या दुर्घटनेंत आहे. पश्चिम जर्मनींत लेंगेडे या गांवीं लोखंडाच्या खनिजाची खाण होती. २४ ऑक्टोबर १९६३ रोजीं तिच्या वर असलेल्या गाळाच्या एका तळ्याचा तळ फुटला, आणि पाणी व चिखल यांचा लोंढा खाणींत घुसला. त्या वेळीं १२९ माणसें खालीं होतीं. बरीचशीं पहिल्या कांहीं तासांतच वर आलीं, कांहींना पुढच्या दिवसांत बाहेर काढतां आलें. उरलेल्यांची आशा सोडण्यांत आली. तरीहि वरून भोंकें पाडून शोध घेणें चालूच होतें, आणि ३ नोव्हेंबरला अशाच एका भोंकांतून खालीं माणसें जिवंत असल्याची खूण मिळाली. सोडून दिलेल्या जुन्या खोदकामांत अकरा खाणकामगार तग धरून होते. त्यांना बाहेर काढावयाचें तर माणूस मावेल एवढें भोंक पाडणें भाग होतें, आणि तेंहि असें कीं हादऱ्यानें वरचा खडक त्यांच्या अंगावर येऊं नये. ७ नोव्हेंबर रोजीं, चौदा दिवसांनंतर, एका अरुंद पोलादी नळकांड्यांतून एकेकाला वर आणलें. एकोणतीस जण मात्र दगावले.

ही सुटका सारें युरोप नभोवाणीवर ऐकत होतें, दूरचित्रवाणीवर पाहत होतें. अँडरसन हेहि त्यांपैकींच एक. त्यांच्या मनांत घर करून राहिली ती एकच गोष्ट: मोठें भोंक पाडणारें यंत्र दुसऱ्या गांवाहून आणावें लागलें, आणि तें वाटेंत असतां खालीं माणसें वाट पाहत होतीं. असलीं यंत्रें एका ठिकाणीं सज्ज ठेवून क्षणांत कोठेंहि नेतां आलीं तर? ‘थंडरबर्ड्स’मधील दुसरें यान, तें हिरवें, पोटांत निरनिराळ्या पेट्या घेऊन उडणारें, हें या प्रश्नाचें उत्तर आहे. कोणत्या पेटींत खडक फोडणारें यंत्र, कोणत्या पेटींत पाणबुडी, हें पाहण्यांत मुलें रंगून जातात. पण त्या पेट्यांच्या मागें लेंगेडेच्या वाटेवर खोळंबलेलें यंत्र उभें आहे.

खेळाचें नांव प्रथम ‘इंटरनॅशनल रेस्क्यू’, म्हणजे आंतरराष्ट्रीय बचावपथक, असें ठरलें होतें. पुढें तें कथेंतील संस्थेचें नांव राहिलें. मग ‘थंडरबर्ड्स’ कोठून आलें? अँडरसन यांचे वडील बंधु लायनेल हे दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश हवाईदलांत वैमानिक होते. शिक्षणासाठीं ते अमेरिकेंत ॲरिझोना प्रांतीं असतां त्यांनीं घरीं धाडलेल्या पत्रांत जवळच्या ‘थंडरबर्ड फील्ड’ या विमानतळाचा उल्लेख होता. लायनेल १९४४ सालीं युद्धांत मारले गेले. जेरी त्या वेळीं पंधरा वर्षांचे होते. वीस वर्षांनीं त्यांनीं माणसांचे जीव वांचविणाऱ्या वैमानिक भावांची कथा रचली आणि तिला भावाच्या पत्रांतला तो शब्द दिला. यावर आणखी बोलण्याचें प्रयोजन नाहीं.

उरलेले प्रश्न झटपट उरकतां येतील. पांच भावांचीं नांवें, स्कॉट, व्हर्जिल, ॲलन, गॉर्डन आणि जॉन, हीं अमेरिकेच्या पहिल्या सात अंतराळवीरांपैकीं पांचांचीं आहेत. खेळाच्या आरंभीं पांचपासून एकपर्यंत उलटे आकडे मोजणारा आवाज पीटर डायनेली यांचा. जेफ ट्रेसी हेहि तेच. लेडी पेनेलोपी ही खानदानी हेर स्त्री सिल्व्हिया अँडरसन यांच्याच आवाजांत बोलते, आणि तिचा शोफर पार्कर डेव्हिड ग्रॅहॅम यांच्या. त्याची ती विचित्र बोली एका खऱ्या खानावळींतील वाढप्याकडून उचललेली होती. बिनतारी संदेश संपवितांना सारे ‘एफ. ए. बी.’ म्हणतात, त्याचा विस्तार काय, असें विचारणारे चाहते अनेक. पण त्याला विस्तारच नाहीं. त्या काळीं इंग्रज तरुणांच्या तोंडीं ‘फॅब’ म्हणजे ‘झकास’ हा शब्द होता, त्याचींच तीन अक्षरें सुटीं करून ठेवलीं आहेत.

कथा कोणत्या वर्षीं घडते, यावर मात्र अजून भांडणें होतात. एक पक्ष २०६५ म्हणतो. त्या मंडळींचें ‘टीव्ही सेंच्युरी २१’ नांवाचें चित्रसाप्ताहिक होतें, त्यावर तारीखच शंभर वर्षें पुढची छापीत; तेव्हां त्या पक्षाला आधार आहे. दुसरा पक्ष शेवटच्या भागांतील भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बोट दाखवितो. तीवर २०२६ असें स्पष्ट लिहिलेलें आहे. मला विचाराल तर तें दिनदर्शिका रंगविणाऱ्याचें दुर्लक्ष असावें. परंतु चाहत्याला दुर्लक्ष हें उत्तर कधींच पटत नाहीं.

शेवटचा प्रश्न, खेळ बंद कां पडला. त्यामागील धनी ल्यू ग्रेड यांनीं पहिला भाग पाहिला तो पंचवीस मिनिटांचा होता. त्यांत सहाशें उतारूंचें विमान बाँबमुळें उतरूं शकत नाहीं, आणि शेवटीं धांवत्या गाड्यांच्या पाठीवर त्याला झेलतात. ग्रेड इतके खूश झाले कीं, प्रत्येक भाग दुप्पट लांबीचा करा म्हणून त्यांनीं सांगितलें. तोंवर कित्येक भाग पुरे झाले होते. त्यांत नवे प्रसंग घालून ते लांबवावे लागले. कांहीं भाग संथ कां वाटतात याचें कारण हें. पण भावाभावांचीं बोलणीं, लेडी पेनेलोपी व पार्कर यांच्या गंमती यांना जागा मिळाली तीहि त्याचमुळें. खेळ इंग्लंडांत अफाट गाजला. परंतु अमेरिकेंतील तीन बड्या जाळ्यांपैकीं एकानेंहि तो घेतला नाहीं, आणि एवढ्या खर्चाची भरपाई त्याशिवाय होणार नव्हती. दुसऱ्या मालेचे सहाच भाग झाले, आणि १९६६ च्या नाताळांत शेवटचा भाग लागला. त्याच बाहुल्यांचे १९६६ आणि १९६८ सालीं निघालेले दोन चित्रपटहि चालले नाहींत.

नंतर २००४ सालीं खरे नट घेऊन या कथेचा चित्रपट काढण्यांत आला. त्यांत सारे जण छान चालत होते, पळत होते, चित्रपट पडला. २०१५ पासून पांच वर्षें जी नवी मालिका चालली, तींतील माणसें संगणकावर काढलेलीं, पण बेट आणि खोल्या न्यूझीलंडमधील कारागिरांनीं हातानें घडविलेल्या. त्याच सुमारास कांहीं हौशी मंडळींनीं चाहत्यांकडून वर्गणी जमवून जुन्या पद्धतीनें तीन नवे भाग तयार केले. नव्या नटांचे आवाज त्यांनीं घेतले नाहींत. मूळ खेळाच्या दिवसांत निघालेल्या ध्वनिमुद्रिका होत्या, त्यांवरचीं भाषणें त्यांनीं घेतलीं आणि त्यांवर बाहुल्या बोलविल्या. जेफ ट्रेसीचे पीटर डायनेली १९७७ सालींच वारले होते. तबकडीवरचा त्यांचा आवाज चालू झाला आणि नव्या बाहुलीचे ओठ त्याबरोबर हालूं लागले.